अकरा नावांचा देश

पदव्युत्तर वर्गात 'राष्ट्रवाद आणि साहित्य' हा घटक शिकवताना बेनेडिक्ट अँडरसन यांच्या १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचा उल्लेख अटळपणे होतो आणि दरवर्षी त्याच ठिकाणी आमची एक अडचण होते. राष्ट्र हा 'कल्पित समाज' असतो, असे आम्ही सांगतो. आणि विद्यार्थी वहीत 'कल्पित' या शब्दाखाली रेघ ओढून त्याचा अर्थ 'खोटे' असा घेतात. त्यांचाही दोष नाही. मराठीत 'कपोलकल्पित' हा शब्द आपण एखाद्याचे म्हणणे उडवून लावण्यासाठीच वापरतो. अँडरसन यांना मात्र खोटेपणा अभिप्रेत नाही. ज्यांना आपण कधी भेटलो नाही, भेटणारही नाही, अशा लक्षावधी माणसांशी आपले काही नाते आहे असे मनात धरावे लागते, एवढेच त्यांचे म्हणणे. पुढे १९९० च्या ग्रंथात एरिक हॉब्सबॉम यांनी याच विचाराला एक मार्मिक जोड दिली. लक्षावधींचा हा कल्पित समाज अकरा नावे असलेल्या एका संघाच्या रूपात समोर आला की अधिक खरा भासू लागतो, असे निरीक्षण त्यांनी फुटबॉलच्या संदर्भात नोंदवले.

साहित्याच्या अभ्यासकांनी या निरीक्षणातील 'नावे' या शब्दापाशी थांबावे, असे आम्हांस वाटते. प्रस्तुत लेखात आम्ही ज्या राष्ट्रीय फुटबॉल संघाचा इतिहास मांडणार आहोत, तो संघ मैदानात उतरला तेव्हा त्याचा देश कोणत्याही नकाशावर नव्हता. त्या देशाला सरकार नव्हते, राजधानी नव्हती, जागतिक फुटबॉल महासंघाचे म्हणजे फिफाचे सदस्यत्व तर नव्हतेच. होती ती फक्त काही नावे. हा संघ म्हणजे १९५८ ते १९६२ या काळातील अल्जीरियाचा, राष्ट्रीय मुक्ती आघाडीचा (एफएलएन) फुटबॉल संघ.

* * *

पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. फ्रान्सने १८३० साली अल्जीअर्स घेतले आणि १८४८ मध्ये अल्जीरियाचा किनारी भाग फ्रान्सचेच जिल्हे म्हणून घोषित केला. शेजारचे ट्युनिशिया आणि मोरोक्को ही 'संरक्षित' राज्ये होती; त्यामुळे ती १९५६ मध्ये तुलनेने लवकर स्वतंत्र होऊ शकली. अल्जीरिया मात्र कायद्याच्या भाषेत वसाहतही नव्हता, तो फ्रान्सच होता. म्हणजे तेथील बहुसंख्य अरब आणि बर्बर प्रजेला केवळ स्वातंत्र्य मागायचे नव्हते. आपला म्हणून काही वेगळा देश आहे, हे आधी सिद्ध करायचे होते. १ नोव्हेंबर १९५४ रोजी सशस्त्र लढा सुरू झाला तो या अडचणीसह.

फुटबॉल हा खेळ तेथे फ्रेंचांनीच आणला. पण तो त्यांच्यापुरता राहिला नाही. १९२१ साली अल्जीअर्समध्ये 'मुलूदिया' हा क्लब स्थापन झाला. पैगंबरांच्या जन्मोत्सवावरून, मौलूदवरून, त्याचे नाव ठेवलेले होते. मुसलमान खेळाडूंच्या अशा क्लबांचा वसाहतवादी प्रशासनाला संशय येई आणि त्यांच्या संघात ठरावीक संख्येने युरोपीय खेळाडू असलेच पाहिजेत, अशी सक्तीही केली गेली. १९५६ मध्ये या क्लबांनी वसाहतीतील स्पर्धांवर बहिष्कार घातला. तोवर अल्जीरियातील सर्वोत्तम खेळाडू समुद्रापलीकडे फ्रान्समधील व्यावसायिक क्लबांत नाव मिळवून बसले होते. त्यांपैकी काही तर फ्रान्सच्या राष्ट्रीय संघातूनही खेळत होते. अब्देलअझीझ बेन तिफूर हा १९५४ च्या विश्वचषकात फ्रान्सकडून खेळला होता.

येथे एका साहित्यिक योगायोगाची नोंद करावीशी वाटते. ८ मे १९४५ रोजी, महायुद्धातील विजयाच्या दिवशी, सेतीफ या गावी निघालेल्या मिरवणुकीत अल्जीरियाचा झेंडा फडकला. पोलिसांनी गोळीबार केला आणि झेंडा हाती घेतलेला तरुण त्यात मारला गेला. संतप्त जमावाने शंभराच्या आसपास युरोपियनांना ठार केले आणि त्यानंतर लष्कराने आसपासच्या मुलखात जो सूड उगवला, त्यातील मृतांचा आकडा काही हजारांपासून पंचेचाळीस हजारांपर्यंत सांगितला जातो. त्या दिवशी सेतीफमध्ये पंधरा वर्षांचा एक शाळकरी मुलगा होता, कातेब यासीन. त्याला अटक झाली, शाळा सुटली आणि त्या अनुभवातून पुढे १९५६ साली 'नेज्मा' ही कादंबरी आली. त्याच सेतीफमध्ये तेव्हा रशीद मेखलूफी हा आठ वर्षांचा मुलगाही होता. कातेबने फ्रेंच भाषेला 'युद्धात हाती लागलेली लूट' असे संबोधले. शत्रूकडून घेतलेले शस्त्र आपण आपल्यासाठी वापरतो, असा त्याचा भाव. मेखलूफीच्या हाती, किंवा पायी म्हणा, लागलेली लूट फुटबॉलची होती.

* * *

१९५८ च्या वसंतात मेखलूफी एकवीस वर्षांचा होता. सेंत एतिएन क्लबने १९५७ मध्ये फ्रेंच लीग जिंकली त्यात त्याचा मोठा वाटा होता. त्याच वर्षी ब्वेनोस आयरेस येथे झालेल्या लष्करी संघांच्या जागतिक स्पर्धेत फ्रान्सला विजय मिळाला, त्या संघातही तो होता. कारण त्याची सक्तीची लष्करी सेवा चालू होती. मोनॅकोचा बचावपटू मुस्तफा झितूनी हा तेव्हा युरोपातील उत्तम बचावपटूंत गणला जाई. जूनमध्ये स्वीडनला होणाऱ्या विश्वचषकासाठी फ्रान्सने ज्या खेळाडूंचा विचार चालवला होता, त्यांत ही दोन्ही नावे होती. १६ एप्रिलला स्वित्झर्लंडविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना ठरला होता.

त्या सामन्याच्या दोनतीन दिवस आधी हे दोघे आणि त्यांचे सहकारी नाहीसे झाले.

मोहम्मद बूमेझराग या माजी खेळाडूने ही योजना आखली होती. मोनॅकोकडून झितूनी, बेन तिफूर, गोलरक्षक अब्देररहमान बूबकर आणि कद्दूर बेखलूफी निघाले, ते इटलीच्या बाजूने. तूलूझचे सईद ब्राहिमी आणि अब्देलहमीद बुशूक हेही निघाले. १३ एप्रिलच्या सामन्यात मेखलूफीच्या डोक्याला मार लागून त्याला इस्पितळात ठेवले होते. लियाँचा अब्देलहमीद केरमाली आणि मोख्तार अरीबी हे त्याला घ्यायला आले आणि मोटारीने त्यांनी स्वित्झर्लंडची सीमा ओलांडली. मेखलूफी लष्करी सेवेत असल्याने त्याचे जाणे हा कायद्याच्या दृष्टीने युद्धकाळातील पळपुटेपणा होता. सगळ्यांनाच निसटता आले नाही. हसन शाब्री इटलीच्या सीमेवर पकडला गेला व त्याला तुरुंगवास घडला. रँसचा मोहम्मद माऊश याचाही बेत फसला. ते दोघे संघाला पुढे येऊन मिळाले. पहिल्या खेपेस जे निघाले ते दहाच्या आसपास होते. चार वर्षांत ही संख्या तीसच्या घरात गेली.

रोमहून ते ट्युनिसला पोचले. फ्रेंच महासंघाने त्यांच्यावर कारवाई केली आणि त्यांच्याशी खेळणाऱ्या संघांना शिक्षा होईल, असा इशारा फिफाने दिला. तरीही ९ मे १९५८ रोजी, सेतीफच्या हत्याकांडाला तेरा वर्षे पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्यांचा पहिला सामना ट्युनिसमध्ये मोरोक्कोविरुद्ध झाला. अल्जीरियाने तो २-१ असा जिंकला.

आता घटनांचा क्रम पाहावा. अल्जीरियाचे हंगामी सरकार कैरो येथे स्थापन झाले ते १९ सप्टेंबर १९५८ रोजी. म्हणजे राष्ट्रीय संघ सरकारपेक्षा पाच महिन्यांनी वडील. देश स्वतंत्र झाला तो ५ जुलै १९६२ रोजी. म्हणजे संघ देशापेक्षा चार वर्षांनी वडील. आणि या सर्वांच्या आधी होती एक कविता. मुफ्दी झकारिया या कवीने १९५५ मध्ये 'कसमन' हे गीत लिहिले. ते तुरुंगात लिहिले गेले, असे परंपरा सांगते. त्याला पुढे इजिप्तचा संगीतकार मोहम्मद फौझी याने चाल लावली. फ्रान्सला नावानिशी संबोधून हिशेबाची वेळ आल्याचे बजावणारे एक कडवे त्यात आहे. हेच आज अल्जीरियाचे राष्ट्रगीत आहे. आधी कविता, मग संघ, मग सरकार, मग देश असा हा क्रम. राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात तो उलटा असतो. साहित्याच्या विद्यार्थ्याला मात्र तो फारसा नवलाचा वाटू नये.

* * *

पुढील चार वर्षे हा संघ फिरत राहिला. अरब देश, पूर्व युरोप, सोव्हिएत संघ, चीन, उत्तर व्हिएतनाम असा त्याचा प्रवास झाला. हनोईत हो चि मिन्ह यांनी त्यांची भेट घेतली. १९६१ मध्ये बेलग्रेड येथे युगोस्लाव्हियाच्या निवडक संघाला त्यांनी ६-१ असे हरवले. एकूण सामन्यांचा आकडा ऐंशीपासून नव्वदीच्या पुढेपर्यंत वेगवेगळा दिला जातो. असे होण्याचे कारण साधे आहे. नोंद ठेवणारी जी अधिकृत संस्था, तिच्या लेखी हे सामने झालेच नव्हते.

या दौऱ्यांतील एक चमत्कारिक गोष्ट आम्हांस विशेष अर्थपूर्ण वाटते. फिफाची शिक्षा टाळण्यासाठी अनेक यजमान देश आपला संघ राष्ट्रीय म्हणून उतरवत नसत. एखाद्या शहराचा, कामगार संघटनेचा किंवा क्लबचा संघ असे त्याला म्हटले जाई. म्हणजे मैदानाच्या एका बाजूला खराखुरा देश 'आम्ही देश नव्हे' असे सोंग घेऊन उभा असे आणि दुसऱ्या बाजूला नकाशावर नसलेला देश 'आम्ही देश आहोत' असे म्हणत उभा असे. दोहोंपैकी कल्पित कोणते, हा प्रश्न आमच्या वर्गातील त्या अधोरेखित शब्दाला विचारण्यासारखा आहे. सामन्यापूर्वी आपला झेंडा चढावा आणि आपले गीत वाजावे, यासाठी हे खेळाडू आग्रही असत. सेतीफच्या रस्त्यावर जो झेंडा धरल्याबद्दल गोळी झेलावी लागली होती, तो परक्या देशांतील क्रीडांगणांवर चढत होता.

या कथेला केवळ वीरकथेचे रूप देणे सोपे आहे आणि तो मोह टाळला पाहिजे. या खेळाडूंनी काय सोडले, हे पाहिल्याशिवाय त्यांनी काय मिळवले ते कळत नाही. स्वीडनच्या विश्वचषकात फ्रान्स तिसरा आला. त्या स्पर्धेत जुस्त फाँतेनने तेरा गोल केले, तो विक्रम आजही अबाधित आहे. आणि हा फाँतेन जन्माने मोरोक्कोतील मराकेशचा. झितूनी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. बचावपटूच्या आयुष्यात असा विश्वचषक पुन्हा येत नाही, त्याच्याही आला नाही. नियमित लीग नाही, चषक नाही, बरोबरीच्या तोडीचा प्रतिस्पर्धी क्वचितच. कलावंताला मैफल मिळावी पण जाणकार श्रोता मिळू नये, अशी ही चार वर्षे होती. शिवाय ज्यांच्यासाठी खेळायचे ते लोक युद्धग्रस्त देशात, आणि हे परदेशी मैदानांवर. फ्रान्समध्येच खेळत राहिलेले अल्जीरियन खेळाडूही होते. त्यांना एका शब्दात दोषी ठरवणे आम्हांस जमणार नाही. देश कल्पनेत असतो तेव्हा त्याच्यासाठी आपले नाव पणाला लावायचे की नाही, हे ज्याचे त्याला ठरवावे लागते.

* * *

नावांविषयी बोलताना अल्बेर कामूकडे वळणे भाग आहे. कामू अल्जीरियात जन्मलेला, अल्जीअर्सच्या विद्यापीठ क्लबाच्या कनिष्ठ संघाचा गोलरक्षक. सतराव्या वर्षी क्षयाने त्याचा खेळ सुटला. ऑक्टोबर १९५७ मध्ये त्याला नोबेल जाहीर झाले, त्यानंतर दूरचित्रवाणीने त्याची मुलाखत घेतली ती पॅरिसमधील एका फुटबॉल सामन्याच्या प्रेक्षकांत. सामना होता रासिंग पॅरिस विरुद्ध मोनॅको, आणि सहा महिन्यांनी जे नाहीसे झाले त्यांतील कित्येक जण याच मोनॅको क्लबाचे. डिसेंबरमध्ये स्टॉकहोमला एका तरुण अल्जीरियनाने त्याला जाब विचारला, तेव्हा अल्जीअर्सच्या ट्राममध्ये बॉम्ब फुटत आहेत, त्या ट्राममध्ये आपली आई असू शकते, आणि न्याय याचा अर्थ तोच असेल तर आपण आईची बाजू घेऊ, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. या उत्तराची टवाळी करणारे पुष्कळ झाले. आम्हांस ते एका पेचात सापडलेल्या माणसाचे प्रामाणिक उत्तर वाटते. अल्जीरियावर त्याचे प्रेम होते यातही शंका नाही.

पण १९४२ च्या त्याच्या 'आउटसायडर' या कादंबरीत समुद्रकिनाऱ्यावर मर्सोच्या गोळीने जो मरतो, त्याला नाव नाही. तो फक्त 'अरब' आहे. आम्ही ही कादंबरी कित्येक वर्षे शिकवत आलो. निरर्थकता, परात्मता, तटस्थ निवेदन यांवर टिपणे दिली आणि घेतली. मेलेल्या माणसाचे नाव काय, हा प्रश्न आमच्या प्रश्नपत्रिकेत कधी आला नाही. २०१३ साली कामेल दाऊद या अल्जीरियन लेखकाने त्या मृताच्या भावाला निवेदक करून कादंबरी लिहिली, मृताला मूसा हे नाव दिले, तेव्हा कुठे आमचे वाचन किती अपुरे होते हे आमच्या ध्यानात आले. कादंबरीने जे सत्तर वर्षांनी केले, ते फुटबॉलच्या मैदानाने १९५८ मध्येच केले होते, असे आता वाटते. बूबकर, झितूनी, ब्राहिमी, मेखलूफी ही नावे फ्रेंच वृत्तपत्रे आधीही छापत होती, पण फ्रान्सच्या क्लबांचे खेळाडू म्हणून. एप्रिल १९५८ मध्ये नावे तीच राहिली, त्यांच्यापुढचे देशाचे नाव बदलले. हॉब्सबॉम यांच्या निरीक्षणाचे मर्म आम्हांस येथे गवसते.

* * *

स्वातंत्र्यानंतरचा इतिहास धावता पाहू. संघाचे काम संपले तसा तो विसर्जित झाला. जानेवारी १९६३ मध्ये स्वतंत्र अल्जीरियाने बल्गेरियाला २-१ असे हरवले. मेखलूफी १९६२ च्या अखेरीस पुन्हा सेंत एतिएनला परतला. ज्या देशाच्या सैन्यातून तो पळाला, त्याच देशाच्या मैदानावर प्रेक्षक त्याचे काय स्वागत करतील, ही धास्ती होती; प्रेक्षकांनी त्याला पूर्वीसारखेच आपले मानले. १९६८ च्या फ्रेंच चषकाच्या अंतिम सामन्यात सेंत एतिएनने बोर्दोला २-१ असे हरवले. दोन्ही गोल मेखलूफीचे होते, आणि चषक देणारे होते राष्ट्राध्यक्ष द गॉल. केरमालीच्या मार्गदर्शनाखाली अल्जीरियाने १९९० मध्ये प्रथमच आफ्रिकी अजिंक्यपद मिळवले.

देश मिळाल्याने सारे सुरळीत झाले, असे मात्र नाही. १७ जून १९६५ रोजी ओरानमध्ये अल्जीरिया आणि ब्राझील यांचा सामना झाला. राष्ट्राध्यक्ष बेन बेला, जे तरुणपणी मार्सेय क्लबाकडून खेळले होते, त्यांची सत्ता दोनच दिवसांनी लष्कराने उलथवली. १९८२ च्या विश्वचषकात अल्जीरियाने पश्चिम जर्मनीला २-१ असे नमवले. पण जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांच्या अखेरच्या सामन्यात जर्मनीने १-० आघाडी घेतल्यावर दोन्ही संघांनी खेळणेच सोडून दिले, कारण त्या निकालाने दोघेही पुढे जात होते आणि अल्जीरिया बाहेर पडत होता. तेव्हापासून गटातील अखेरचे सामने एकाच वेळी खेळवण्याचा नियम झाला. ज्या महासंघाने या देशाचे सामने एके काळी नोंदीतच घेतले नाहीत, त्याच्या नियमावलीत या देशामुळे एक कलम आले.

६ ऑक्टोबर २००१ रोजी फ्रान्स आणि अल्जीरिया यांचे मुख्य राष्ट्रीय संघ प्रथमच समोरासमोर आले. फ्रान्सच्या संघात अल्जीरियन आईबापांचा मुलगा झिनेदिन झिदान होता. फ्रान्सच्या राष्ट्रगीताच्या वेळी स्टेडियममध्ये शिट्ट्या वाजल्या. फ्रान्स ४-१ असा पुढे असताना तरुण प्रेक्षक मैदानात घुसले आणि सामना अर्धवट सुटला. त्यांतील बहुतेक फ्रान्समध्येच वाढलेले होते. अल्जीरियाचा त्या दिवशीचा एकमेव गोल जमेल बेलमादीचा; तोही फ्रान्समध्ये जन्मलेला. हाच बेलमादी २०१९ मध्ये अल्जीरियाचा प्रशिक्षक होता. त्या वर्षी लोक रस्त्यावर उतरले, फुटबॉलच्या प्रेक्षागारातील एक गाणे आंदोलनाचे गीत झाले, एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष बूतेफ्लिका पायउतार झाले आणि जुलैमध्ये अल्जीरियाने आफ्रिकी अजिंक्यपद पुन्हा जिंकले. अंतिम सामना कैरोत झाला, जेथे १९५८ मध्ये हंगामी सरकार स्थापन झाले होते. त्या संघाचा कर्णधार रियाद मेहरेझ पॅरिसजवळच्या सार्सेलमध्ये जन्मला. १९५८ चे खेळाडू अल्जीरियात जन्मून फ्रान्समधून निघाले होते. आताचे अनेक जण फ्रान्समध्ये जन्मून अल्जीरियाकडे येतात.

नोव्हेंबर २०२४ मध्ये रशीद मेखलूफीचे निधन झाले. १९५८ ते १९६२ या काळातील त्याचे गोल फिफाच्या नोंदीत नाहीत. ते सामने ज्यांनी पाहिले त्यांच्या स्मरणात आणि नंतर लिहिल्या गेलेल्या इतिहासात मात्र ते आहेत. यापुढे 'कल्पित म्हणजे खोटे ना?' असे वर्गात कोणी विचारले, तर व्याख्या पुन्हा सांगण्याऐवजी ट्युनिसच्या त्या सामन्यातील नावे फळ्यावर लिहावीत आणि शेजारी कामूच्या कादंबरीतील तो बिननावाचा अरब मांडावा, असे आम्ही ठरवले आहे. पुढची चर्चा विद्यार्थ्यांनी करावी.